बारावीनंतरचं प्रशिक्षण: कमी ऐकू येणाऱ्या मुलीला पत्र

प्रिय विद्यार्थिनी,

कोणती योजना धरू, असं तू विचारलंयस. योजनेचं नंतर बघू. तुझ्याकडे अजून युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, नाही आणि ते नसेल तर राखीव जागेचा दावा पहिल्याच खिडकीवर अडतो.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. त्याआधी आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवून बघ. एकावर वडिलांचं नाव आहे, दुसऱ्यावर नाही, एवढ्यानेही कामं रखडतात. दुरुस्ती आधी कर. कार्डावर चूक छापली गेली की ती पुढच्या प्रत्येक अर्जात जाते.

तपासणी सरकारी रुग्णालयात होते. कानाचा वार कोणता, ते आधी विचारून घे. सर्दी झाली असेल किंवा कान वाहत असेल तर तारीख बदलून माग, कारण तिथे कायमचा श्रवणदोष मोजायचा असतो. श्रवणयंत्र काढूनच चाचणी होते. आवाज आला असं वाटलं तरच बोट वर कर. अंदाजाने करू नकोस आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी वाढावी म्हणून मुद्दाम गप्पही बसू नकोस. उत्तरं आपापसांत जुळली नाहीत की बेरा चाचणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू काय प्रतिसाद देतात, ते यंत्रावर मोजणारी) लावतात आणि मग नवी तारीख, नवा हेलपाटा. 40 ते 79 टक्क्यांना पिवळं कार्ड, 80 पासून निळं. 40 च्या खाली पांढरं मिळतं, त्यावर आरक्षण नाही.

आता योजना. 2024 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पास उमेदवाराला महिना 6000 रुपये विद्यावेतन ठरलं. अनुभव म्हणून ठीक आहे, पण ती नोकरी नव्हे आणि मुदत संपली की विद्यावेतनही थांबतं. माझं मत आयटीआय आणि त्यानंतर शिकाऊ उमेदवारी, या बाजूचं आहे.

ट्रेड मात्र उलटीकडून, म्हणजे पुढच्या नोकरीपासून मागे येत निवड. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे, त्यातला 1 टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा. पण प्रत्येक पद कोणत्या दिव्यांगत्वासाठी योग्य, हे पदसुनिश्चितीत ठरलेलं असतं. दोन-तीन जुन्या जाहिराती काढून तुझा प्रकार कोणत्या पदांपुढे लिहिलाय ते बघ, मगच पसंतीक्रम भर. मुलं नेमकं हेच करत नाहीत. मैत्रीण गेली म्हणून तोच ट्रेड घेतात आणि दोन वर्षांनी कळतं, की त्या पदावर आपल्याला जागाच नाही.

प्रवेश झाला की पहिल्या आठवड्यातच प्राचार्यांना अर्ज दे: पुढचा बाक, शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून न बोलणं, कार्यशाळेतल्या सूचना लेखी, भोंगा वाजतो तिथे दिवाही. ‘वाजवी सोयीसुविधा’ हे कायद्यातलेच शब्द वापर. दोन प्रती काढ आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घे. तोंडी मागणीचा पुढे काहीच पुरावा राहत नाही. दाद मिळाली नाही तर तीच प्रत जोडून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आणि बँकेत एक गोष्ट स्पष्ट विचार. खात्याला आधार ‘लिंक’ असणं वेगळं, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, ‘सीडिंग’ वेगळं. सरकारी पैसे शेवटी सीडिंग केलेल्या खात्यात जातात. घरच्यांनी कधीतरी दुसरं खातं उघडलं असेल, तर विद्यावेतन तिथे पडतं आणि तू इकडे पासबुक भरून घेत राहतेस. सीडिंग कुठल्या बँकेत आहे, ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं.

तुझे,
मार्गदर्शक