बडोद्यात एमएस्सी झूलॉजी झालंय, इव्होल्यूशनच्या लॅबमध्ये रिसर्च आणि शिकवणं दोन्ही करायचंय, सुरुवात कुठून करू?

तुला तूच म्हणते हं, माझ्या धाकट्या बहिणीएवढी असशील. मी पण दांडिया बाजारातलीच, दोन वर्षं बाहेरगावी एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट होते, माशांवर काम. माशा म्हणजे केळ्यांवर घोंगावतात ती चिलटं, ड्रोसोफिला. खंडेराव मार्केटमधून आणलेल्या केळ्यांवरून जी हाकलायची त्यांनाच खायला घालायचा पगार मिळतो हे आईला अजून पटलेलं नाही.

खरं सांगू का, तिथे रोजच्या दिवसात इव्होल्यूशन कमी आणि मोजणी जास्त. २५ डिग्रीला अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात, म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या सिलेक्शन, म्हणजे हव्या त्या गुणाच्या माशा निवडून त्यांचीच पुढची पिढी वाढवणं, चालवता येतं, पण म्हणूनच माशी रविवार-दिवाळी काही बघत नाही. व्हर्जिन मादी हवी असेल तर कोशातून निघाल्यावर ८ तासांच्या आत वेगळी काढायची, म्हणजे रात्री अकराला लॅब आणि पहाटे परत लॅब. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करायच्या, मायक्रोस्कोपखाली ब्रशने सरकवत बसायचं, नराच्या पुढच्या पायावर काळा बारीक कंगवा दिसतो तो शोधायचा. पहिल्याच महिन्यात माझ्याकडून व्हर्जिन माद्यांच्या एका बाटलीत एक नर राहून गेला आणि तीन आठवडे पाण्यात. कोणी ओरडलं नाही, नुसतं "परत लाव" म्हणाले, ते जास्त लागलं.

शिकवण्याचं म्हणशील तर ते लॅबमध्येच सुरू होतं. उन्हाळ्यात इंटर्न पोरं आली की त्यांना नर-मादी ओळखायला शिकवायचं काम माझ्याकडे. तुलनेसाठी सिलेक्शन न करता ठेवलेल्या माशा म्हणजे कंट्रोल. एकीने विचारलं, ताई, कंट्रोलवर सिलेक्शनच नाही तर त्या दरवेळी नव्याने कशाला मोजायच्या, गेल्या वर्षीचे आकडे घ्या ना. मी अडकले! मग घरी जाऊन वाचलं तेव्हा नीट कळलं की कंट्रोल पण बदलत असतात, बाटलीतल्या आयुष्याला सरावतात, ड्रिफ्ट असतो, म्हणजे पिढ्यांमध्ये नुसत्या योगायोगानेही बदल होतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी मोजायच्या आणि प्रत्येकाची चार-पाच रेप्लिकेट, म्हणजे तशाच वेगवेगळ्या वाढवलेल्या प्रती, ठेवायची. एमएस्सीला हे पाठ करून मार्क मिळवले होते मी.

आता कामाचं. असल्या लॅब बंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेत, पुणे आणि मोहालीच्या आयसर या विज्ञान संस्थांमध्ये आहेत. सीएसआयआर-नेट ही देशपातळीवरची परीक्षा लाइफ सायन्समधून दे, त्यात इव्होल्यूशन आणि बिहेवियरचं वेगळं युनिटच आहे. जेआरएफ, म्हणजे रिसर्चसाठीची फेलोशिप, निघाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि वर एचआरए. नुसती कॉलेजात शिकवायची पात्रता हवी तर जीसेट ही गुजरातची पात्रता परीक्षा पण दे, ती आपली एमएस युनिव्हर्सिटीच घेते, फक्त चालते गुजरातपुरती. आणि सायन्स अकॅडमींची दोन महिन्यांची समर फेलोशिप शिक्षकांना पण मिळते हे कोणी सांगतच नाही, म्हणजे इथे कॉलेजला लागलीस तरी उन्हाळा लॅबमध्ये घालवता येईल.

मेल पाठवताना मात्र तो "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी पॅशनेट" वाला पन्नास जणांना एकदम नको. मी पाठवला होता, एकाचंही उत्तर नाही. नंतर एकच पेपर घेतला, आठवडाभर डोकं फोडलं आणि लिहिलं की तुमच्या तिसऱ्या ग्राफमध्ये माद्याच का घेतल्यात, नर का नाहीत. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, चार ओळींचं, शेवटची ओळ होती "कधी येऊ शकतेस?"