अमेरिकेतून आलेलं, जुन्या हिरव्या लेबलच्या स्लॅबमधलं नाणं फोडून पुन्हा ग्रेडिंगला पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की काका अमेरिकेत होते, ते गेल्यावर त्यांच्या सामानातून 1881चा एक मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं चांदीचं जुनं नाणं, तुमच्याकडे नाशिकला आला. पीसीजीएस या अमेरिकन ग्रेडिंग कंपनीचा जुना स्लॅब, म्हणजे नाणं आत बंद केलेली कडक प्लास्टिकची डबी, फिकट हिरवं लेबल, त्यावर एमएस 63, म्हणजे न वापरलेलं नाणं, स्थितीचा ग्रेड 70पैकी 63. प्लास्टिकवर ओरखडे पडलेत. सराफ बाजारात दाखवलं तेव्हा एकाने सल्ला दिला की हे फोडा, परत ग्रेडिंगला पाठवा, आज 65 सहज मिळेल. आता काय करावं, असा तुमचा प्रश्न.

फोडू नका. मी वीसेक वर्षं नाणी जमवतोय, आणि एक नाणं असंच फोडून बसलोय, म्हणून एवढं ठाम सांगतो.

आधी कायद्याचं बघू, कारण सल्ला देणाऱ्याने ते तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू असते, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचा डॉलर 1881चा. म्हणजे इथे फोडलात तर परत त्याच कंपनीच्या स्लॅबमध्ये बसवायला अमेरिकेला पाठवण्याचा सरळ मार्ग तुमच्याकडे नाही. हातात राहील एक सुटं नाणं आणि प्लास्टिकचे तुकडे. अमेरिकेतल्या संग्राहकाची गोष्ट वेगळी, त्याच्यासाठी हा पोस्टाचा आणि फीचा प्रश्न असतो. तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा चालत नाही.

आता त्या हिरव्या लेबलाचं एवढं कौतुक का, ते सांगतो. 1986च्या आधी ग्रेड म्हणजे विकणाऱ्याचा शब्द. एकाच्या दुकानात जे नाणं कोरं करकरीत, ते दुसऱ्याच्या दुकानात वापरलेलं. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनची एएनएसीएस ही सेवा फोटोसह प्रमाणपत्र द्यायची, पण नाणं आणि कागद वेगवेगळे, त्यामुळे कागद एकाचा आणि नाणं भलतंच असंही करता यायचं. 1986 साली पीसीजीएसने नाणं कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून आतच लेबल ठेवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी एनजीसी ही दुसरी ग्रेडिंग कंपनी आली. 1 ते 70ची मोजपट्टी त्याआधीची, विल्यम शेल्डन यांनी 1949 साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडलेली. त्यात 60 ते 70 हा टप्पा न वापरलेल्या नाण्यांचा.

पीसीजीएसच्या अगदी सुरुवातीच्या डब्या हलवल्या की आतलं नाणं खुळखुळतं, म्हणून संग्राहक त्यांना रॅटलर म्हणतात. त्या साधारण 1989पर्यंतच्या. नंतर हिरवट लेबल आलं, ते 1998च्या सुमारास निळं होईपर्यंत चाललं. तुमची डबी या काळातली, म्हणजे काकांचं नाणं निदान पंचवीस वर्षं तरी त्याच डबीत आहे. एनजीसीची पहिली काळ्या लेबलची डबी 1987ची, ती तर इतकी थोडी बनली की रिकाम्या डबीलाही गिऱ्हाईक मिळेल. (मी एकदाच पाहिली, प्रदर्शनात, काचेच्या पलीकडे.)

"त्या काळी ग्रेडिंग कडक होतं" हे वाक्य तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल, आणि त्यात तथ्य आहे. तेव्हा 63 मिळालेली बरीच नाणी आज 64 किंवा 65 होतात. पण यातली मेख लक्षात घ्या. गेली तीस वर्षं तिकडचे जाणकार हेच करत आलेत. जुन्या डबीत जास्त चांगलं नाणं दिसलं की फोडायचं, वरचा ग्रेड घ्यायचा, विकायचं. म्हणजे जुन्या डब्यांचा ढीग कितीतरी वेळा चाळून झालाय. आज बाजारात फिरणाऱ्या जुन्या डबीत बहुतेक वेळा 63चं नाणं 63चंच असतं. आपला जमेचा भाग एवढाच की तुमची डबी बाजारात फिरलेलीच नाही, ती काकांच्या कपाटात होती. तेव्हा नाणं नीट बघण्यासारखं नक्की आहे. लेबल बघून मात्र आशा धरू नका, नाणं बघून धरा.

बघायचं कसं? ट्यूबलाइटखाली नको. एकच पिवळा बल्ब, बाकी खोली अंधारी. डबी हळूहळू तिरकी करा. न वापरलेल्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. जिथे तो फिरता फिरता तुटतो, तिथे घासलं गेलंय किंवा कोणीतरी पुसलंय. मग लिबर्टीचा, म्हणजे नाण्यावरच्या बाईच्या चेहऱ्याचा, गाल बघा. हे डॉलर हजार-हजारच्या पोत्यांत भरून ठेवलेले असायचे. 26.73 ग्रॅमची चांदीची चकती दुसऱ्या चकतीवर आपटली की आधी गालावर आणि चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत खाच पडते. 63 आणि 65 यांच्यातलं अंतर बहुतेक तिथेच ठरतं. ओरखडा प्लास्टिकवर आहे की नाण्यावर, हे कळायला दहापट भिंग धरा आणि डबी हलवा. प्लास्टिकवरची रेघ नाण्यावरून सरकत जाते, नाण्यावरची जागा सोडत नाही.

उलट्या बाजूला गरुडाखाली पानांचं वेटोळं आहे, त्याच्या खाली एखादं बारीक अक्षर आहे का बघा. काही नसेल तर फिलाडेल्फिया, ओ असेल तर न्यू ऑर्लिन्स, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, सीसी म्हणजे कार्सन सिटी. सॅन फ्रान्सिस्कोने त्या वर्षी 1 कोटी 27 लाख 60 हजार डॉलर पाडले, आणि ते इतके सुबक आहेत की 65 ग्रेडमध्येही मुबलक मिळतात. तुमचं एसचं निघालं, तर वरचा ग्रेड मिळूनही पदरात फारसं काही पडणार नाही. कार्सन सिटीचे फक्त 2 लाख 96 हजार. त्याची गोष्टच निराळी. डबीवरचा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वर्ष, अक्षर आणि ग्रेड जुळतो का तेही बघून घ्या. नकली डब्याही निघाल्यात, आणि जुन्या नोंदींत बहुधा फोटो नसतो, म्हणून नुसता नंबर जुळला यावर थांबू नका.

डबीवर हिरवं किंवा सोनेरी छोटं स्टिकर असेल तर ते जपा. 2007 साली सीएसी सुरू झाली, ती आधीच ग्रेड झालेली अमेरिकन नाणी पुन्हा तपासते. हिरवं म्हणजे ग्रेड पक्का, सोनेरी म्हणजे ग्रेड कमी लागलाय असं त्यांचं मत. सोनेरी स्टिकर जुन्या डब्यांवरच जास्त दिसतात.

आता माझं. 2009 साली माझ्याकडे पंचम जॉर्जचा 1918चा रुपया होता, जुन्या स्लॅबमध्ये. मला तो बाकीच्या रुपयांबरोबर अल्बममध्ये लावायचा होता. टॉवेलात गुंडाळून पकडीने डबीची कड दाबली, कट्ट आवाज झाला, नाणं तळहातावर आलं. पांढरं, थंड, नाणं सुखरूप होतं. अल्बमचे कप्पे मऊ, गुळगुळीत प्लास्टिकचे, उघडले की नव्या रेनकोटचा वास यायचा. तो पीव्हीसीचा वास असतो, हे मला माहीत नव्हतं. दोन पावसाळ्यांनी बघितलं तर राजाच्या दाढीच्या कडेने हिरवा, चिकट थर. पीव्हीसीतून निघणारं आम्ल रुपयातल्या तांब्याला धरतं. त्यात 91.7 टक्के चांदी, उरलेलं बहुतेक तांबंच. ॲसिटोनने चिकटपणा गेला, पण खाली पृष्ठभाग खाल्ला गेला होता. आता बल्बखाली धरलं की उजेड फिरत येतो आणि दाढीपाशी विझतो. लेबल अजून माझ्याकडे आहे, एका पाकिटात, त्याच्यावरचा ग्रेड आता कुठल्याच नाण्याचा नाही.

म्हणून तुम्ही डबी तशीच ठेवा. ओल्या मऊ कापडाने बाहेरून पुसा, बस्स. नाशिकचा पावसाळा आहे आणि डबी हवाबंद नसते, तेव्हा झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. कपाटात डांबरगोळ्या असतील तर त्यांच्यापासून लांब.

आणि एकदा वेळ काढून त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीला जाऊन या, तिथल्या संस्थेत नाण्यांचं संग्रहालय आहे. मी हे मुद्दाम सांगतोय. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला 1906 साली नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. त्याने ती वितळवली नाहीत. सातकर्णीच्या चैत्याच्या, म्हणजे कमानींच्या डोंगरासारख्या, खुणेखालून नहपानाच्या चेहऱ्याची रेघ कितीतरी नाण्यांवर दिसते, आणि त्या दोन ठशांमुळे कोणी कोणाला हरवलं हे आपल्याला कळतं. तुमच्या डॉलरवर 1881चा ठसा आहे, त्याच्याभोवती काकांच्या काळातलं लेबल आहे. दोन्ही एकत्र असताना कोणी विचारलं की हे कुठून आलं, तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी आहे.

फोटो टाकणार असाल तर उलट्या बाजूचा टाका, पानांच्या वेटोळ्याखालची जागा अगदी जवळून. सीसी असेल तर पुढचं वेगळं बोलू.