जुनी पल्सर 150 घेतोय, गाडीतलं फारसं कळत नाही. घेण्याआधी काय तपासू, आणि इंजिनाचा आवाज कसा ओळखायचा?

2017 ची पल्सर, 42 हजार चाललेली, मालक म्हणतो ‘सिंगल हँड, फक्त ऑफिसला वापरली’, आणि तुम्हाला इंजिनचा आवाज कसा ओळखायचा ते हवंय. आवाजाचंही सांगतो, पण जुन्या गाडीत मी सगळ्यात जास्त इंजिनाला घाबरत नाही. टायमिंग चेन, क्लच प्लेटा, अगदी ब्लॉक-पिस्टनसुद्धा पैसे टाकले की नवं होतं, आणि दुखणं आधी कळलं तर तो खर्च किमतीतून वजा करून मागता येतो. ठोकून वाकलेल्या चेसिसचं, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचं, तसं नाही. ती सरळ केली म्हणून कुणी कितीही सांगितलं तरी बहुतेक वेळा गाडी एका बाजूला ओढतच राहते, टायर एकीकडे झिजत राहतो. अशी गाडी मी स्वस्तातही घेणार नाही. त्यामुळे आधी चेसिस, मग इंजिन.

एकच गोष्ट याच्याही आधी. फोनवरच मालकाला सांगून ठेवा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनाच्या फिन्सवर (बाहेरच्या पातळ पट्ट्यांवर) हात ठेवा. कोमट लागलं तर समजा, गाडी तुमच्यासाठी तयार करून ठेवलीय. दरवेळी त्यात लबाडी असतेच असं नाही, काही लोक पाहुणा यायचा म्हणून गाडी धुऊन, एक चक्कर मारून उभी करतात. पण थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन सांगत नाही. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी या.

आता चेसिस. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी, दिवसाउजेडी. हँडल पूर्ण डावीकडे वळवा, मग पूर्ण उजवीकडे, आणि दोन्ही वेळा हँडल आणि टाकी यांच्यात किती जागा राहते ते बघा. ती सारखी हवी. मग खाली वाकून चेसिसच्या नाकापाशी, म्हणजे हँडलचा दांडा जिथे बसतो तिथे बघा. हँडल पूर्ण वळल्यावर जिथे टेकतं तिथे लोखंडाचा छोटा ठोकळा असतो. समोरून जोरात ठोकलेल्या गाडीत तो चेपलेला किंवा तिरका झालेला दिसतो. टाकी बदलता येते, हेडलाइटचा मास्क बदलता येतो, रंग मारता येतो, पण या ठोकळ्याकडे कुणी लक्ष देत नाही. त्याच्या आसपास वेल्डिंगजवळ रंग तडकलाय का, किंवा तेवढ्याच भागावर नवा काळा रंग चमकतोय का, तेही बघा. चेसिस नंबर याच भागात पंच केलेला असतो, तो आरसीशी अंक न अंक जुळवा. नंबर खरवडलेला वाटला तर पुढे बोलूच नका.

दुसरी परीक्षा मालकाकडून करून घ्या. रस्त्यावर थोडं पाणी ओता, त्यातून त्याला गाडी सरळ हळू न्यायला सांगा आणि मागून चाकांचे ओले पट्टे बघा. पुढच्या चाकाचा पट्टा मागच्याच्या मधोमध पडला पाहिजे. बाजूला सरकलेला दिसला तर एकतर मागचं चाक चेन ताणताना तिरकं बसवलंय, किंवा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्या), चिमटा (मागचं चाक धरणारा भाग), चेसिस यांपैकी काहीतरी वाकलंय. पहिलं असेल तर दहा मिनिटांचं काम. मालकाला जवळच्या गॅरेजवर चाक सरळ करायला लावा आणि पुन्हा बघा.

पुढचं चाक उचलून (मागे कुणाला तरी बसवा) हँडल सावकाश फिरवा. मध्यभागी येताना अडकल्यासारखा खटका लागला तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. तो बदलता येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओलावा म्हणजे ऑईल सील गेलंय. मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवा, खडखड वाटली तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग.

पडलेली गाडी ओळखायची तर लीव्हरची टोकं, फूटरेस्टच्या कडा, सायलेन्सरची बाहेरची बाजू आणि क्लच कव्हर बघा. एका बाजूचा एखादा ओरखडा म्हणजे पार्किंगमध्ये आडवी झाली असेल, आपल्या सगळ्यांच्याच होतात. यातल्या बऱ्याच ठिकाणी एकाच बाजूला लांब घासल्याच्या खुणा असतील तर ती रस्त्यावर घसरलीय, आणि मग वरच्या सगळ्या परीक्षा पुन्हा एकदा करा.

आता इंजिन. चावी बंद ठेवून किक हातानं सावकाश दाबा. एका जागी ती दम धरून अडली पाहिजे. लोण्यात बोट जावं तशी खाली गेली तर कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचं काम आहे. मग चालू करायला लावा आणि तुम्ही सायलेन्सरच्या मागे उभे राहा. सकाळच्या गारठ्यात थोडी पांढरी वाफ निघणं साहजिक आहे. निळसर धूर निघाला तर ऑईल जळतंय. तो फक्त सुरुवातीला येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, स्वस्तातलं काम. गाडी गरम झाल्यावर रेस केली की दर वेळी येत असेल तर रिंगा आणि ब्लॉक. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, कार्ब्युरेटर किंवा चोंदलेला एअर फिल्टर. तुमची गाडी 2020 च्या बीएस 6 (प्रदूषणाच्या नियमा) आधीची, कार्ब्युरेटरची, तेव्हा हे निस्तरायला कुठलाही गावाकडचा मेकॅनिक पुरतो.

आवाजाचं म्हणाल तर तीनच लक्षात ठेवा. वरून येणारी एकसारखी टिकटिक ही टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची), सेटिंग केलं की जाते. बाजूनं येणारी साखळी घासल्यासारखी खरखर टायमिंग चेनची, त्यात पैसे जातात. आणि खालून, पोटातून येणारी जड ठकठक, जी रेस वाढवली की वाढते, ती क्रँकची, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या मुख्य दांड्याची. ती ऐकू आली तर इंजिन पूर्ण उघडावं लागणार, तेवढी किंमत कमी होत नसेल तर निघा. आवाज दबावा म्हणून काही जण मुद्दाम घट्ट ऑईल भरून आणतात. त्यामुळे मालक उत्साहानं ‘कालच ऑईल बदललंय’ म्हणाला तर मी जरा जास्तच कान देऊन ऐकतो.

ऑईलचा रंगही बघाच. काळं असलं तर चालतं. दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. पल्सर 150 चं इंजिन एअर कूल्ड, त्यात कूलंट नाहीच, मग पाणी बहुतेक बाहेरूनच आलेलं. इथे गाडी कुठली आहे ते विचारा. 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणला गाड्या सीटपर्यंत पाण्यात होत्या, आणि त्यातल्या काही अजूनही हातोहात विकल्या जातात. त्यांच्या खुणा सीटखाली सापडतात: वायरिंगच्या कपलरमध्ये वाळलेला गाळ, तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर, हेडलाइटच्या काचेआड मातीची रेघ. बाहेरून कितीही पॉलिश मारलं तरी वायरिंग कुणी उकलून धूत नाही. कोकण-गोव्याची गाडी असेल तर सायलेन्सरचं बूड आणि चेसिसच्या खालच्या नळ्या बोटानं चाचपा, खारी हवा तिथूनच खायला लागते.

चालवून बघाल तेव्हा हेल्मेट घाला आणि खिशातलं लायसन्स मालकाला दाखवा, म्हणजे तो बिनघोर चावी देतो. वरच्या गिअरमध्ये 40 च्या आसपास असताना एकदम रेस द्या. इंजिन ओरडलं पण गाडीनं वेग घेतला नाही तर क्लच प्लेटा घसरतायत. प्रत्येक गिअर टाकून बघा, रेस सोडल्या-धरल्यावर गिअर आपोआप न्यूट्रलला पडत असेल तर गिअरबॉक्स उघडणं आलं. मोकळ्या सरळ रस्त्यावर हँडलवरची पकड हलकी करा (हात सोडू नका), गाडी एकीकडे ओढतेय का ते कळतं.

42 हजाराचा आकडा खरा की फिरवलेला, ते मीटर सांगणार नाही. फूटरेस्टची रबरं, गिअर लीव्हरचं टोक, ग्रिप किती झिजलंय ते बघा. मागच्या स्प्रॉकेटचे (चेन बसते त्या चक्राचे) दात टोकदार, एका दिशेला कललेले असतील तर चेनसेट बदलायला आलाय. टायरच्या कडेला चार आकडे असतात: 2317 म्हणजे 2017 चा 23 वा आठवडा. कंपनीचाच टायर असेल तर तो गाडीच्या वयाचा, आणि इतक्या वर्षांनी नक्षी शिल्लक असली तरी मी तो बदलण्याचे पैसे धरतो. बॅटरी, इंडिकेटर, हॉर्न, सेल्फ दोन मिनिटांत होतं.

कागदांचं थोडक्यात: आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 (बोजा उतरवायचा) आणि बँकेचं एनओसी मालकाकडून आधी घ्या, मगच पैसे. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30 लागतात. ई-चलन बाकी आहे का ते गाडी नंबर टाकून मालकासमोरच तपासा. विमा चालू आहे का बघा. 2017 ची गाडी म्हणजे बहुतेक दरवर्षी भरायचा विमा, आणि पुष्कळांनी तो सोडून दिलेला असतो.

व्यवहार ठरला तर घरी नेण्याआधी गॅरेजवर थांबा. ऑईल काढायला लावा आणि ते एखाद्या स्वच्छ भांड्यात घ्या. बोटानं चोळून चकचकीत कण लागतायत का बघा. नवं ऑईल, फिल्टर आणि दोन्ही स्पार्क प्लग (या इंजिनात दोन असतात, मेकॅनिक एकच बदलून मोकळा होतो) एकदमच टाकून घ्या.