घोड्यांच्या रेसमध्ये पैसे लावताना जॉकीला (घोडेस्वाराला) किती महत्त्व द्यावं?

आधी घोडा, मग जॉकी. पण दोन घोडे तोडीस तोड असतील तर जॉकी बघूनच लावा. मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेस बघून सांगतो. १००० मीटरला गेट उघडताच घोडा बाहेर काढणारा हवा, तिथे दोन लेंथ (म्हणजे दोन घोड्यांच्या लांबीइतकं) मागे पडलं की सहसा भरून निघत नाही. २४०० मीटरच्या इंडियन डर्बीला उलट: दम राखून शेवटच्या सरळ पट्ट्यात सोडणारा हवा, घाईने चाबूक काढणारे इथेच फसतात. शिकाऊ जॉकीला बऱ्याच रेसमध्ये वजनाची सूट मिळते, म्हणजे घोड्यावर भार कमी असतो, पण अटीतटीच्या फिनिशला हात कच्चा पडू शकतो. नुसत्या जिंकलेल्या रेसच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. मोठ्या तबेल्याच्या जॉकीला मुळात घोडेच चांगले मिळतात. फेव्हरिट (ज्यावर सगळ्यात जास्त पैसे लागतात तो) नसलेल्या घोड्यावर जॉकी कितवा येतो, ते बघा.