अपडेटनंतर हार्ड डिस्क रुसली? फॉरमॅटला हात लावू नका

या वेळचे सगळे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, कॉम्प्युटर अपडेट झाला आणि बाहेरून लावायची हार्ड डिस्क चालेना. दुसरं उत्तर मात्र सगळ्यांनी वाचा, तुमची डिस्क ठणठणीत असली तरी.

रात्री लॅपटॉपने आपणहून विंडोज अपडेट केलं. सकाळी डिस्क लावली तर दिवा लागतो, लावल्याचा टुणटुण आवाज येतो, पण धिस पीसीमध्ये डिस्कच नाही. गेली का? – एक ताई, दादर

ताई, दिवा आणि आवाज दोन्ही आहेत ना, मग गेली असं लगेच समजू नका. बऱ्याचदा तिचं अक्षर गेलेलं असतं, म्हणजे ई, एफ जे काय होतं ते. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि खाली आपल्या साइझची डिस्क शोधा, १ टीबीची असेल तर तिथे ९३१ जीबी दिसेल, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच. त्या पट्टीवर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स, मग अ‍ॅड, आणि अक्षर जरा लांबचं द्या, पी किंवा आर, म्हणजे उद्या कुणी पेनड्राइव्ह लावला तरी भांडण नको. पण पट्टी काळी असेल आणि अनअ‍ॅलोकेटेड, म्हणजे कशालाच न वाटलेली जागा, असं लिहिलेलं असेल, किंवा उघडल्याबरोबर इनिशियलाइझ डिस्क विचारत असेल, तर कॅन्सल करायचं आणि थेट पुढच्या उत्तरावर यायचं.

अपडेटमध्ये अक्षरांचा गोंधळ होतो हे मायक्रोसॉफ्टलाही माहीत आहे. २०१९ च्या मे महिन्यातल्या मोठ्या अपडेटच्या वेळी बाहेरची यूएसबी डिस्क किंवा मेमरी कार्ड लावलेलं असेल तर त्यांनी अपडेटच अडवून धरलं होतं, याच कारणाने. म्हणून मोठं अपडेट यायचं असलं की डिस्क काढून कपाटात ठेवा.

डिस्क दिसते पण उघडायला गेलं की फॉरमॅट करा म्हणते. नातीचे जन्मापासूनचे फोटो त्यातच आहेत, दुसरी कॉपी नाही. ओळखीतला मुलगा म्हणतो फॉरमॅट मारून मग रिकव्हर करू. – एक काका, मुलुंड

काका, त्याला थांबवा. आत्ता, हे वाचता वाचता फोन करा.

विंडोज फॉरमॅट मागतं तेव्हा त्याचा अर्थ इतकाच की त्याला डिस्कची अनुक्रमणिका वाचता येत नाहीये, पुस्तकाची पानं बहुतेक जागेवरच असतात. क्विक फॉरमॅट मारला तर नवी कोरी अनुक्रमणिका लिहिली जाते, मग फोटो हाती लागले तरी नावं, फोल्डर, तारखा यांचा भरवसा नाही. आणि चुकून क्विकची खूण निघाली तर संपलंच, व्हिस्टापासून फुल फॉरमॅट म्हणजे अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिणं. माझ्या मावशीची डिस्क अशीच एका दुकानात दिली होती, आत काय आहे ते कुणी विचारलंच नाही, संध्याकाळी परत आली ती नीट चालणारी आणि रिकामी. मावशी पुढे आठवडाभर ती टीव्हीला लावून बघत होती, एखादा फोल्डर येईल म्हणून.

आता काय करायचं ते सांगतो. आधी डिस्क टेबलावर ठेवून कान जवळ न्या. एकसारखी घरघर असेल तर ठीक. थोड्या थोड्या वेळाने टक, टक होऊन थांबत असेल तर वायर काढा, परत परत लावून बघू नका, आतलं हेड, म्हणजे तबकडी वाचणारं टोक, अडकत असेल तर दर वेळी नुकसान वाढतं, ती डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची आणि देताना डेटा हवाय, डिस्क नको, असं स्पष्ट सांगायचं.

आवाज ठीक असेल तर वायर बदला. ती रुंद, चपट्या तोंडाची वायर रोज लोकलमध्ये बॅगेत चेपून सैल होते आणि खापर अपडेटवर फुटतं. एका पोर्टचे चार करणारा यूएसबी हब मध्ये असेल तर तो काढून सरळ लॅपटॉपच्या पोर्टला लावा, यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधलेला असतो आणि यूएसबी ३ चा ९००, काही डिस्कना पहिला पुरत नाही. मग अपडेट न झालेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर बघा, तिथे उघडली तर दुसरं काही न करता आधी फोटो कॉपी करा.

तिथेही फॉरमॅटच मागितलं तर चेकडिस्क, हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, चालवू नका, ते दुरुस्ती करताना त्याच डिस्कवर लिहितं. जाणकाराकडून डीडीरेस्क्यू या नक्कल काढणाऱ्या सॉफ्टवेअरने दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर पूर्ण नक्कल काढून घ्या आणि टेस्टडिस्क किंवा फोटोरेक, ही फाइल्स परत मिळवायची सॉफ्टवेअरं, जे काय चालवायचं ते नकलेवर. वेळ लागतो, रात्र जाते, लागू दे.

मॅकओएस अपडेट केल्यापासून डिस्कमधल्या फाइल्स दिसतात पण आत काही टाकता येत नाही. – गिरगावहून

डिस्क एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइल ठेवायच्या पद्धतीत, असणार. मॅक ते नुसतं वाचतो, लिहायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं आणि अपडेटनंतर नेमकं तेच बंद पडतं, त्याची नवी आवृत्ती टाका. कायमचं हवं तर सगळं दुसरीकडे कॉपी करून मगच डिस्क एक्सफॅटमध्ये, म्हणजे विंडोज आणि मॅक दोघांनाही लिहिता येणाऱ्या पद्धतीत, फॉरमॅट करा, आणि इजेक्ट केल्याशिवाय वायर ओढू नका, एक्सफॅटला तो धक्का सोसत नाही. ओढलीत तर पुढच्या वेळी मॅक आधी तपासणी करत बसतो आणि डिस्क बराच वेळ दिसतच नाही, तेव्हा थांबायचं.

ऑफिसच्या जुन्या डिस्कला आता पासवर्ड लागतोय, आधी आपोआप उघडायची. – एक वाचक, अंधेरी

हे बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप. आपोआप उघडायची खूण तुमच्या कॉम्प्युटरमध्ये होती, ती गेली. मोअर ऑप्शन्समधून ४८ आकडी रिकव्हरी की टाकता येते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, जुन्या प्रिंटआउटवर किंवा ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे शोधा, स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून बघा म्हणजे चुकीची टाकत बसणार नाही. पासवर्ड आणि की दोन्ही नसेल तर कुणालाही उघडता येणार नाही, उघडून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. सापडली तर एक प्रिंट काढून लाइट बिलांच्या फाइलला लावून ठेवा.