सिबिल ८१२, आणि इथं कोरी पाटी

"ताई, माझ्यावर कुणाचा एक रुपया नाही. मग मी बेभरवशाचा कसा?"

हा मुलगा सांगलीकडचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत, न्यू जर्सीत येऊन त्याला दोनच महिने झाले होते. एडिसनमध्ये फ्लॅट बघितला, तर क्रेडिट हिस्टरी (उधार घेऊन फेडल्याची नोंद) नाही म्हणून तिथल्या ऑफिसनं तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट मागितलं. या राज्यात साधारणपणे दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, हे सांगितल्यावर तो जरा सैलावला.

पण खरा घोळ त्यानंतरचा होता. चिडून त्यानं एका आठवड्यात पाच क्रेडिट कार्डांसाठी अर्ज ठोकले होते. पाचही नामंजूर. नकाराची पत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये मार्कशीटसारखी लावून आणली होती. मी ती वाचायला घेतली. नाकारलं तर कारण काय, हे जाणून घ्यायचा तुम्हाला इथं हक्क आहे, म्हणून अशी पत्रं फेकू नयेत. पाचांत मिळून मुद्दा एकच: पुरेसा क्रेडिट इतिहास नाही. वाईट इतिहास आहे, असं कुणीच म्हटलं नव्हतं.

"पण माझा सिबिल ८१२ आहे! आणि ट्रान्सयुनियन तर इथंही आहे."

हे मला जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकायला मिळतं. सिबिल म्हणजे भारतातला क्रेडिट ब्युरो, कर्जफेडीची नोंद ठेवून स्कोअर देणारी कंपनी. तिच्या नावापुढे ट्रान्सयुनियन लागतं, इक्विफॅक्स आणि एक्सपेरियन हे ब्युरोही दोन्हीकडे आहेत. पण पाटी एकच असली तरी वही वेगळी. तिकडची पानं आपोआप इकडे येत नाहीत.

वही म्हटल्यावर विषय त्याच्या वडिलांवर गेला. गावात त्यांचं किराणा दुकान आहे.

"नवीन माणूस उधार मागायला आला तर बाबा काय करतात?"

"एकदम पोतं देत नाहीत. चहा-साखर देतात. एक तारखेला पैसे आणून देतो का, ते बघतात."

"आणि जो कायम रोखीनं घेतो?"

"त्याचं वहीत नावच नसतं."

एवढं बोलून तो स्वतःच थांबला. मग मला फार समजवावं लागलं नाही.

पगार जमा होतो त्या बँकेत त्यानं ५०० डॉलर ठेवून सिक्युअर्ड कार्ड घेतलं. ठेव तेवढीच मर्यादा, त्यामुळे बँकेला धास्ती नाही. त्यावर फक्त मोबाइलचं बिल आणि थोडा किराणा. स्टेटमेंटची पूर्ण रक्कम आपोआप भरली जाईल, अशी सोय करून घेतली. किमान रक्कम भरून बाकी व्याजावर ठेवली की स्कोअर वाढतो, असं त्याला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. ही भाकडकथा कुणी पसरवली देव जाणे. त्यात वाढतं ते फक्त व्याज. नवे अर्ज मात्र पूर्ण बंद. आधीच्या पाच अर्जांमुळे झालेल्या चौकशा क्रेडिट रिपोर्टवर दोन वर्षं दिसणारच होत्या.

तिसऱ्या महिन्यात रात्री साडेदहाला फोन. "ताई, सगळं वेळेवर भरलं तरी स्कोअर पडला!" फायको, म्हणजे इथल्या बँका बहुतेक वेळा बघतात तो स्कोअर, यायला एखादं खातं किमान सहा महिन्यांचं व्हावं लागतं, पण मोफत ॲपवर व्हँटेजस्कोअर नावाचा दुसरा आकडा आधीच दिसू लागतो. तो घसरला होता. मी त्याला स्टेटमेंट उघडायला लावलं. थंडीचं जाकीट आणि बूट घेतले होते. ५०० पैकी ४६० वापरलेले. पैसे त्यानं देय तारखेला भरले होते, पण बँक ब्युरोला बाकी कळवते ती साधारण स्टेटमेंट निघतं तेव्हाची. त्यामुळे रिपोर्टमध्ये कार्ड ९२ टक्के भरलेलं दिसत होतं. मोठी खरेदी झाली तर स्टेटमेंट निघायच्या आधीच थोडे पैसे भर, एवढंच सांगितलं. पुढच्या महिन्यात कमी बाकी गेली की हे बहुतेक भरून निघतं, त्यासाठी झोप घालवू नये. हप्ता ३० दिवसांवर लांबला तर मात्र तो डाग सात वर्षं राहू शकतो. फायकोत ३५ टक्के वजन निव्वळ वेळेवर भरण्याला आहे. लोक नेमकं उलटं करतात. कार्ड किती टक्के वापरलं याचा जप करतात आणि सुट्टीवर भारतात गेले की बिल विसरतात.

आठव्या महिन्यात व्हॉट्सॲपवर त्याचा स्क्रीनशॉट आला: ७०४. खाली लिहिलं होतं, "बाबांना पाठवला, तर त्यांचा लगेच फोन. म्हणाले, तिकडं जाऊन १०८ मार्क कमी कसे पडले? इथं ८५० पैकी असतात आणि तिकडं ९०० पैकी, हे तुम्हीच सांगा ना त्यांना. माझ्यावर विश्वास नाही."

रविवारी सकाळी मी त्यांना फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक होतं, दहा मिनिटांनी करा म्हणाले.