काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके पांढरे कसे?

प्रश्न : जानेवारीत गेटवेहून मांडव्याला येताना लाँचमागे पांढऱ्या पक्ष्यांचा मोठा थवा उडत होता. घरी येऊन पुस्तक पाहिले, तर त्यात ‘काळ्या डोक्याचा कुरव’ आणि ‘तपकिरी डोक्याचा कुरव’ अशी नावे होती. पण थव्यातल्या एकाही पक्ष्याचे डोके काळे किंवा तपकिरी नव्हते. मग मी पाहिले ते पक्षी कोणते? आणि पायांना पडदे असल्यामुळे ते बदकांच्या जवळचे मानावेत का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : आपण पाहिलेले पक्षी बहुधा कुरवांच्या, म्हणजे सीगलच्या, याच दोन जातींचे असावेत. त्यांच्या डोक्यावरचा गडद रंग हा विणीच्या हंगामातला साज आहे. हिवाळ्यात तो उतरतो, डोके पांढरे होते आणि डोळ्यामागे काजळाचे बोट टेकवावे तसा एक गडद ठिपका तेवढा उरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा त्याच लाँचने गेलात, तर परतीच्या वाटेवर निघण्यापूर्वी रंग भरू लागलेली डोकी आपल्याला दिसतील. नावांनी मात्र वाचकांची फसगत केली आहे हे मान्य करायलाच हवे, कारण काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके ऐन हंगामातही काळे नसून गर्द चॉकलेटी असते, तर तपकिरी डोक्याच्या कुरवाचे त्याहून फिके असून त्याला गडद किनार असते. खरोखर काळेभोर डोके असते ते या दोघांहून बऱ्याच मोठ्या असलेल्या पल्लासच्या कुरवाचे, आणि तोही हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतो.

म्हणून हिवाळ्यात डोक्याकडे न पाहता पंखाच्या टोकाकडे पाहावे. पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचे पंखाचे टोक ठसठशीत काळे असते आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके आरशाच्या तुकड्यांसारखे चमकतात. शिवाय त्याची चोच जाडसर आणि डोळा फिकट असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड टोकापर्यंत पांढरी असते, काळा रंग फक्त पिसांच्या अगदी टोकांना उरतो, चोच बारीक आणि डोळा गडद असतो. लाँचच्या कठड्याशी पक्षी हाताच्या अंतरावर तरंगत येतो, तेव्हा हे सारे दुर्बिणीशिवायही दिसते. पंखांवर तपकिरी छटा आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी दिसली, तर ते पहिल्या हिवाळ्यातले पिल्लू समजावे. त्याच्या पंखात आरसे शोधत बसू नये. या लहान कुरवांना प्रौढ रूप यायला सुमारे दोन वर्षे लागतात, मोठ्या कुरवांना चारेक वर्षे.

सीगल हे कोणत्याही एका जातीचे नाव नाही. जगात कुरवांच्या सुमारे पन्नास जाती आहेत, आणि त्यातले सगळेच काही समुद्राचे रहिवासी नाहीत. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडील उंचावरच्या तलावांकाठी वीण करतो.

पायांच्या पडद्यांवरून नाते ठरवणे मात्र चुकीचे होईल. पोहणाऱ्या अनेक पक्ष्यांमध्ये हे पडदे स्वतंत्रपणे विकसित झालेले आहेत. बदकांचा गण वेगळा. कुरवाचा गण कॅराड्रिफॉर्मिस, ज्यात आपल्या शेतातली टिटवी आणि खाडीकाठचे तुतवारही येतात. घरासमोरच्या माळावर ओरडणारी टिटवी ही बदकापेक्षा कुरवाची कितीतरी जवळची नातलग आहे, ही गोष्ट मला आजही फार आनंद देते.

या गणातल्या लॅरिडे कुळात कुरवांसोबत सुरय आणि पाणचिरे येतात. सुरय म्हणजे टर्न : सडपातळ शरीर, लांब टोकदार पंख, बहुतेकांची दुभंगलेली शेपटी आणि टोकदार चोच, कुरवाची चोच त्यामानाने बळकट आणि टोकाशी किंचित वाकलेली असते. कुरव पाण्यावर आरामात बसतो. सुरय हवेत थबकून मासळीवर सूर मारतो आणि क्वचितच पोहतो. उजनीच्या जलाशयावर दिसणारा नदी सुरय याच कुळातला. पाणचिऱ्याची खालची चोच वरचीपेक्षा लांब असते, तिने तो पाणी चिरत मासे टिपतो.

जुन्या पुस्तकांत या सर्व कुरवांची शास्त्रीय नावे ‘लॅरस’ या एकाच प्रजातीखाली, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटाखाली, आढळतील. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानंतर ती विभागली गेली असून आपण पाहिलेल्या दोन्ही जाती आता ‘क्रॉइकोसेफॅलस’मध्ये, तर पल्लासचा कुरव ‘इक्थिएटस’मध्ये मोडतो. आपल्या पुस्तकात जुने नाव असेल, तर पक्षी तोच आहे असे समजावे.